दोन पोस्टर, एकच भिंत: विद्यापीठातल्या उद्योजकता क्लबांचं जाळं कसं विणायचं

सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या एखाद्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. अभियांत्रिकीच्या उद्योजकता क्लबाचं पोस्टर म्हणतं, "हिशेब आणि विक्री समजणारं कुणी हवंय." शेजारीच वाणिज्य शाखेच्या क्लबाचं पोस्टर, "ॲप तयार करू शकणारं कुणी हवंय." दोन्हींमध्ये वीतभर अंतर. महिनाभर दोन्ही तशीच लटकत राहतात आणि मग त्यांच्यावर तिसरंच काहीतरी चिकटवलं जातं.

उद्योजकतेबद्दल आज जवळपास प्रत्येक विद्यापीठ बोलतं. घोषणा होते, उद्घाटन होतं, विभागागणिक क्लब निघतो. दोन वर्षांनी हिशेब मांडला तर क्लब डझनभर असतात आणि हाती फार थोडं लागलेलं असतं. मग यावर उपाय म्हणून आणखी एक क्लब काढायचं ठरतं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तिथे क्लबांची कमतरता नसते. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायला वाट नसते. क्लबांचं नेटवर्क उभारायचं म्हणजे ही वाट पाडायची. ती कशी पाडायची, आणि पाडताना कुठे ठेच लागते, ते सावकाश बघू.

आधी क्लब म्हणजे काय, ते

उद्योजकता हा शब्द भारदस्त वाटला तरी अर्थ साधा आहे. कुणाची तरी खरी अडचण सोडवायची आणि ते काम चालू राहील एवढा पैसा त्या कामातूनच उभा करायचा. स्टार्टअप म्हणजे असंच नवं, अजून चाचपडत असलेलं काम. आणि क्लब म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली अशी जागा, जिथे हे चाचपडणं थोड्या खर्चात, गुणांची धास्ती न बाळगता करता येतं.

क्लबाची गल्लत दोन गोष्टींशी होते. पहिली म्हणजे अभ्यासक्रम. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी 1947 साली नव्या उद्योगांवरचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला 188 विद्यार्थी बसले. म्हणजे हा विषय वर्गात शिकवण्याला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. पण वर्गात कुठला प्रश्न सोडवायचा हे शिक्षक ठरवतात, क्लबात ते विद्यार्थ्यालाच शोधावं लागतं. दुसरी गल्लत होते इन्क्युबेटरशी. ज्यांचा उद्योग थोडाफार आकाराला आला आहे त्यांना जागा, पैसा आणि सल्ला देणारी ती व्यवस्था. तिला रोपवाटिका म्हणा. क्लबात त्याच्याही आधीचं काम चालतं, बी रुजणारं आहे की पोचट, ते बघण्याचं. रोपवाटिका लाखमोलाची बांधली आणि बीच आलं नाही, तर आत नुसत्या रिकाम्या कुंड्या राहतात.

बारा क्लब, सहासष्ट धागे

समजा, एका विद्यापीठात बारा क्लब आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी संबंध ठेवायचा म्हटलं तर किती जोड्या होतील? बारा गुणिले अकरा, भागिले दोन, म्हणजे 66. अभ्यास सांभाळून क्लब चालवणाऱ्या मुलांना 66 संबंध जपणं शक्य नाही. म्हणून सहसा दुसरं टोक गाठलं जातं. मध्यभागी एक कार्यालय आणि त्याच्याशी जोडलेले बारा क्लब. धागे बाराच राहिले, सोय झाली. पण मधल्या खुर्चीवरचा माणूस बदलला किंवा त्याचा उत्साह ओसरला की बाराही धागे एकदम सुटतात.

यातली मधली वाट मागावरच्या कापडात दिसते. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. क्लब हा ताणा. प्रत्येकाची आपली जागा, आपला रंग, आपला ताण. ताणा कितीही वाढवला तरी तो दोऱ्यांचा पुंजकाच राहतो. आडवा धागा फिरला की त्याचं कापड होतं. प्रत्येक आडव्या धाग्याने प्रत्येक वेळी सगळ्यांना वर दिसावं असंही नसतं, तो काहींच्या वरून जातो, काहींच्या खालून. विद्यापीठात हा बाणा म्हणजे एकापेक्षा जास्त क्लबांत ऊठबस असलेली माणसं. बारा क्लबांत अशी पंधरा-वीस मुलंमुली असली तरी बातमी सगळीकडे पोचते, आणि त्यातले दोघे पास होऊन गेले तरी वीण उसवत नाही.

लांबची ओळख जास्त कामाची का?

इथे एक जुनं संशोधन उपयोगी पडतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक निरीक्षण मांडलं. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? शंभरातल्या सुमारे 83 जणांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. जिवलग मित्र मदतीला तत्पर असतात, पण त्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. तोंडओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी असतं.

क्लबाच्या आत घट्ट मैत्री असते, आणि ती हवीच. परीक्षेच्या तोंडावर रात्रभर जागून नमुना तयार करायचा तर जिवाभावाची माणसं लागतात. पण नवी अडचण, वेगळं कौशल्य, पहिला ग्राहक हे बाहेरच्या वर्तुळातून येतात.

कॅम्पसवरचं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फ्लोरिडा विद्यापीठातलं, 1965 सालचं. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाने मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना विचारलं, की सामन्यादरम्यान आमच्या खेळाडूंना लघवीला का होत नाही? प्रश्न मैदानावरचा होता, उत्तर वैद्यकीय प्रयोगशाळेत होतं. खेळाडूंच्या घामावाटे पाणी आणि क्षार इतके निघून जात होते की लघवीला काही उरतच नव्हतं. केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ-साखर घातलेलं एक पेय तयार केलं. तेच पुढे गेटोरेड म्हणून जगभर विकलं गेलं. प्रशिक्षक आणि डॉक्टर एकमेकांशी बोललेच नसते, तर दोघेही आपापल्या जागी हुशारच राहिले असते, आणि पेय मात्र झालं नसतं. हे दोघे विद्यार्थी नव्हते हे खरं, पण विद्यार्थ्यांच्या क्लबांत नेमकी हीच भेट घडवून आणायची असते.

सुरुवात मोजणीपासून

ज्यांना असं जाळं उभारायचंय त्यांनी पहिले दोन महिने नवीन काहीही सुरू करू नये. त्याऐवजी फिरावं. आवारात काय काय चालतं त्याची यादी करावी, आणि ज्यांच्या नावात उद्योजकता नाही त्यांना आधी शोधावं. रोबो बनवणारा गट, नाट्यमंडळ, शेतीच्या प्रयोगात रमलेली मुलं, वसतिगृहात सायकली दुरुस्त करून देणारा कुणी, परिचारिका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनी. नाट्यमंडळाला अपुऱ्या पैशांत, ठरलेल्या तारखेला प्रेक्षकांसमोर काहीतरी उभं करण्याचा सराव असतो. स्टार्टअपला दुसरं काय लागतं? आणि परिचारिका होऊ घातलेली मुलगी रुग्णालयात रोज ज्या अडचणी बघते, त्या यंत्र अभियांत्रिकीच्या मुलाला वर्गात बसून कधीच सुचणार नाहीत.

यादी करता करता एक प्रश्न सगळ्यांना विचारावा. "तुमच्या गटातलं कोण आणखी कुठल्या गटात जातं?" चार-पाच नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. ती बहुधा अध्यक्षांची नसतात. आपलं जाळं तिथून सुरू होतं. त्या मुलांना पदं देण्याची घाई मात्र करू नये. पद मिळालं की माणूस एका जागी बसतो, आणि आपल्याला तर तो फिरता हवा.

त्यानंतर सगळ्यांच्या कार्यक्रमांचं एकच कॅलेंडर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकाच संध्याकाळी तीन क्लबांची तीन व्याख्यानं आणि प्रत्येक सभागृहात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, हे दुखणं त्याने जातं.

आणि मग भेटीची जागा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातले प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या आपसातल्या बोलण्याचा अभ्यास केला. दोन माणसांच्या बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढतं तसं त्यांचं बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि सुमारे 50 मीटरच्या पुढे ते जवळपास थांबतंच, असं त्यांना आढळलं. पन्नास मीटर म्हणजे एका इमारतीचीही लांबी नाही! विद्यापीठातले विभाग तर किलोमीटरभर पसरलेले असतात. फोनवरच्या गटात चारशे जण जोडून हे अंतर मिटत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेली खोली लागते, पंधरवड्यातून एकदा. खोली कुठल्याही एका विभागाची नसावी, ग्रंथालयाशेजारची असेल तर उत्तम.

त्या संध्याकाळी भाषण नको. तीन-चार जणांनी उठून आपल्याला अडलेली एकेक गोष्ट पाच मिनिटांत सांगायची. "माझ्याकडे भन्नाट कल्पना आहे" असं म्हणणाऱ्यापेक्षा "इथे माझं घोडं अडलंय" असं म्हणणाऱ्याला मदत करणं सोपं जातं. मग उरलेला तासभर नुसतं बोलायचं. पहिल्या दोन-तीन बैठका अवघडलेल्या जातात. लोक आपापल्या ओळखीच्यांजवळच उभे राहतात. म्हणून यजमानपण आळीपाळीने एकेका क्लबाकडे द्यावं, आणि अनोळखी दोघांना एकमेकांसमोर आणून उभं करणं हे त्या दिवशीच्या यजमानांचं काम समजावं.

पण स्पर्धेशिवाय मुलं येतील का?

स्पर्धेने गर्दी जमते, यात शंका नाही. एमआयटीतली प्रसिद्ध उद्योजकता स्पर्धा 1990 च्या सुमारास 10 हजार डॉलरच्या बक्षिसावर सुरू झाली आणि वाढत वाढत 1 लाख डॉलरपर्यंत पोचली. पण तिच्या जन्माची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विद्यार्थी उद्योजकांचा एक क्लब आणि व्यवस्थापन शाखेतला नव्या उद्योगांचा क्लब, अशा दोन क्लबांनी मिळून ती उभी केली. आपल्या भिंतीवरची ती दोन पोस्टरं तिथे एकमेकांशी बोलली.

स्पर्धेचा तोटा असा, की ती जवळ आली की मुलं तोंडाला कुलूप लावतात, कारण शेजारचा आता प्रतिस्पर्धी झालेला असतो. म्हणून माझं मत, स्पर्धा वर्षातून एकदा, सणासारखी असावी. बाकी पैसा छोट्या छोट्या प्रयोगांसाठी, आठवड्याभरात हातात पडेल असा ठेवावा. एका विजेत्याला मोठा धनादेश देण्याऐवजी तेवढ्यातच पन्नास जणांना आपापली कल्पना खऱ्या माणसांपुढे नेऊन तपासता येते. एकच अट घालावी, की मागणाऱ्या जोडीतले दोघे वेगवेगळ्या विद्याशाखांचे असावेत. एवढ्याने आडवे धागे आपोआप पडायला लागतात.

वर एक महासंघ बसवला की झालं, नाही का?

हा मोह प्रत्येक प्रशासनाला होतो. महासंघ, त्याची घटना, त्याचे पदाधिकारी, त्यांचे ठराव. बघता बघता मुलांचा वेळ अहवाल लिहिण्यात जातो आणि क्लबांना आपण कुणाच्या तरी शाखा झालोय असं वाटू लागतं.

समन्वय लागतोच, पण तो हलका असावा. जे एका क्लबाला एकट्याने जमतं, त्यात मधल्या गटाने हात घालू नये. जे एकट्याला जमत नाही, तेवढंच मधल्या गटाकडे द्यावं. कॅलेंडर, सल्लागारांची एकत्र यादी, प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी, हिशेब तपासणी, कायदेशीर सल्ला. सल्लागारांच्या यादीचं उदाहरण घ्या. एकाच माजी विद्यार्थ्याला पाच क्लब पाच वेळा बोलावतात, तो दोनदा येतो आणि मग फोन उचलणं बंद करतो. यादी एकत्र असली की त्याचा वेळ जपला जातो.

पण मुलं तर दर वर्षी निघून जातात

या सगळ्यातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षं राहतो, आणि पदावर फार तर एक वर्ष. आज क्लबात असलेल्यांपैकी चार वर्षांनी कुणीही तिथे नसेल. कारखान्यातले सगळे कामगार दर चार वर्षांनी बदलले तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून क्लब सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकतो. त्याच चुका, तेच प्रायोजक, तीच परवानगी कुठे मिळते याची शोधाशोध.

यावर काही साधे उपाय आहेत. पदाधिकाऱ्यांची निवड वर्षअखेरीला न करता सत्राच्या मध्यावर करावी, म्हणजे जुने आणि नवे काही महिने एकत्र काम करतात. बँक खात्यावर एक सही अशा कर्मचाऱ्याची असावी, जो उद्याही विद्यापीठात असेल. आणि एक वही ठेवावी, कागदाची किंवा संगणकातली. तिच्यात यशाच्या बातम्या लिहू नयेत. कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, कुठे फसलो, पुढच्यांनी काय टाळावं, एवढंच. पद सोडणाऱ्याने ती वही पूर्ण केल्याशिवाय त्याचं प्रमाणपत्र देऊ नये, इतकी मी त्याबाबत आग्रही आहे.

हे टिकू शकतं याचा पुरावाही आहे. फ्रान्समधल्या एसेक या व्यवस्थापन संस्थेत 1967 साली विद्यार्थ्यांनी पहिली "ज्युनिअर एंटरप्राइज" काढली. विद्यार्थीच चालवतात अशी, नफा वाटून न घेणारी कंपनी, जी बाहेरच्या ग्राहकांची खरी कामं मोबदला घेऊन करते. आज ही चळवळ अनेक देशांत आहे. ब्राझीलमध्ये तर 2016 साली अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. विद्यार्थ्यांच्या पिढ्या आल्या आणि गेल्या, कंपन्या राहिल्या. मला वाटतं याचं कारण असं, की दाराशी ग्राहक उभा असला की विसरून चालत नाही. अर्धवट राहिलेलं काम पुढच्या तुकडीला हाती घ्यावंच लागतं, आणि त्यासाठी नोंदी ठेवाव्याच लागतात.

सगळ्यांना उद्योजक करून काय मिळवायचं?

पालक हे विचारतात, प्राध्यापकही विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. शिक्षण सोडून स्वप्नांमागे धावणारी मुलं तयार करायची का?

जोश लर्नर आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे डोळे उघडतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना तुकड्यांत वाटलं जातं, आणि कोण कुठल्या तुकडीत जाणार हे विद्यार्थी ठरवत नाहीत. काही तुकड्यांत आधी स्वतःचा उद्योग करून आलेले विद्यार्थी जास्त पडले, काहींत कमी. आपल्याला वाटेल, अशा अनुभवी मुलांच्या संगतीने बाकीचेही धडाधड उद्योग काढतील. झालं उलट! जिथे अनुभवी जास्त, तिथे उद्योग काढणाऱ्यांचं प्रमाण घटलं. पण ही घट झाली ती पुढे अयशस्वी ठरणाऱ्या उद्योगांत. यशस्वी उद्योग काही घटले नाहीत.

अनुभवी मित्र शेजारी असला की तो प्रश्न विचारतो. हे विकत कोण घेणार? पैसे कधी येणार? हे आधी कुणी करून पाहिलंय का? कच्ची कल्पना तिथेच गळून पडते, आणि एका मुलाची दोन वर्षं आणि घरच्यांची पुंजी वाचते. चांगल्या जाळ्याचं मोठं काम हे आहे. क्लबात येऊन एखादी मुलगी सहा महिन्यांनी म्हणाली, "हे माझ्यासाठी नाही, मला संशोधन करायचंय," तर क्लब सपशेल यशस्वी झाला असं मी म्हणेन.

वयाचंही तसंच. वसतिगृहाच्या खोलीत कंपनी काढणाऱ्या तरुणांच्या गोष्टी कानावर पडत राहतात. पण अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय 45 होतं, असं अर्थतज्ज्ञ पिएर अझुले आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसलं. म्हणजे आज विशीत क्लबात जुळलेली ओळख पंचवीस वर्षांनी कामी येऊ शकते. पदवी अर्ध्यावर सोडण्याची घाई करायचं काही कारण नाही. परीक्षेच्या काळात सगळे क्लब बंद ठेवायचे, हा नियम सुरुवातीलाच करून टाकावा, त्यावर वाद नको.

कल्पना कुणी पळवली तर? आणि मालकी कुणाची?

नुसती कल्पना चोरून फारसं काही होत नाही, कारण कल्पनेनंतरचं काम चोरता येत नाही. याला एक अपवाद ध्यानात ठेवावा. शोध पेटंट घेण्याजोगा असेल, तर अर्ज करण्याआधी तो जाहीरपणे सांगितल्याने अनेक देशांत पेटंटचा हक्क जाऊ शकतो. अशा वेळी अडचण सांगावी, उपायाचा तपशील झाकून ठेवावा.

मालकीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि विद्यापीठाचा संशोधन निधी वापरून काही केलं तर विद्यापीठाचा हक्क येऊ शकतो. गूगलच्या शोधपद्धतीचं मूळ पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होतं. परवान्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून स्टॅनफर्डला सुमारे 33 कोटी 60 लाख डॉलर मिळाले. तिथे करार आधी झाला होता. गेटोरेडच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि विद्यापीठाला संशोधकांशी कोर्टात भांडून 1972 मध्ये तडजोड करावी लागली. म्हणून प्रत्येक क्लबाच्या दारावर साध्या भाषेतला एक कागद लावलेला असावा, काय वापरलं तर कुणाचा हक्क किती. आणि भागीदारी करणाऱ्या मित्रांनी आपसातही एक पान लिहून सह्या कराव्यात. मैत्री आहे तोवर हे पान लिहायला दहा मिनिटं लागतात.

यश मोजायचं कशाने?

वार्षिक अहवालात कार्यक्रम किती झाले आणि माणसं किती आली हे आकडे असतात. त्यावरून सभागृह भरलं होतं एवढंच कळतं. मी तीन गोष्टी मोजेन. दोन किंवा जास्त विद्याशाखांची माणसं असलेले गट किती झाले? पहिल्यांदा आलेल्यांपैकी तिसऱ्यांदा किती आले? आणि विचारपूर्वक थांबवलेल्या कल्पना किती?

शिवाय एक नकाशा. सत्राच्या पहिल्या बैठकीत मोठा कागद भिंतीवर लावायचा, प्रत्येक क्लबासाठी एक गोल काढायचा, आणि कुठल्याही दोन गोलांमधल्या माणसांनी मिळून काही केलं असेल तर त्या गोलांत रेघ ओढायची. सत्र संपताना नव्या रेघा वेगळ्या शाईने काढायच्या. तरीही एखादा गोल कोपऱ्यात एकटाच दिसेल, बहुधा नाट्यमंडळाचा किंवा परिचारिकांचा. तो क्लब कुठल्या वारी, कुठल्या खोलीत जमतो हे कागदावर त्याच्या शेजारी लिहून ठेवायचं, आणि त्या दिवशी आपल्यातल्या दोघांनी तिथे जाऊन नुसतं ऐकत बसायचं.